तक्रार: ए-३२० थ्रॉटल क्वाड्रंटच्या डाव्या लिव्हरमधील दोष आणि नाकारलेली वॉरंटी

दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

संदर्भ: १) खरेदीची पावती, ९ मार्च २०२५. २) २ सप्टेंबरपासूनचा ई-मेल व्यवहार. ३) वॉरंटी नाकारणारे तुमचे ३ नोव्हेंबरचे उत्तर.

महोदय,

घरच्या संगणकावरील विमानाच्या सिम्युलेटरसाठी तुमचा ए-३२० धाटणीचा, दोन लिव्हरचा थ्रॉटल क्वाड्रंट (इंजिनांचा जोर कमी-जास्त करायच्या दांड्यांचा संच) मी २१,५०० रुपयांना घेतला. वॉरंटी एक वर्षाची, म्हणजे अजून चालू आहे. सहाव्या महिन्यात डाव्या लिव्हरचे रीडिंग नाचू लागले. तेव्हापासून तुमच्याकडून पाच उत्तरे आली. दर वेळी नवा माणूस, नवा सल्ला. पाचव्यात एकच ओळ: ‘तळाचे सील तुटलेले असल्याने वॉरंटी लागू नाही.’ सील का तुटले ते खाली येईलच. आधी दोष काय आहे ते सांगतो, कारण तो पाचांपैकी कोणी नीट वाचलेला दिसत नाही.

एअरबस ए-३२० विमानात ऑटोथ्रस्ट (थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर, आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना लिव्हर आपोआप मागेपुढे होत नाहीत. बोइंग ७३७ मध्ये होतात, यात नाही. टेक-ऑफनंतर थ्रस्ट कमी करायच्या उंचीला, साधारण जमिनीपासून १,५०० फुटांवर, एफएमएवर (वैमानिकासमोरच्या पडद्यावरील सूचनांच्या पट्टीवर) ‘एलव्हीआर सीएलबी’ लुकलुकते. तेव्हा दोन्ही लिव्हर सीएलच्या (क्लाइंब, म्हणजे चढण्याच्या) खाचेत आणायचे आणि उतरताना ‘रिटार्ड’ (लिव्हर मागे ओढा) ऐकू येईपर्यंत तिथेच ठेवायचे. मुंबई–दिल्ली केले तर लिव्हर पावणेदोन तास एकाच खाचेत उभे असतात. म्हणजे या वस्तूकडून मुख्य अपेक्षा एकच: लिव्हर जिथे ठेवला तिथे आकडा स्थिर राहावा. ‘अधूनमधून लिव्हर थोडा हलवत राहा’ हा तुमचा दुसऱ्या ई-मेलमधला सल्ला वाचून हसावे की रडावे ते कळेना.

आता आकडे. तुमचा बोर्ड १२ बिटांचा आहे, रीडिंग ० ते ४०९५. लिव्हरचा प्रवास पूर्ण रिव्हर्सच्या (उलट जोराच्या) उणे २० अंशांपासून टोगाच्या (पूर्ण जोराच्या) ४५ अंशांपर्यंत, एकूण ६५ अंश. म्हणजे एका अंशाला बरोबर ६३ आकडे. त्या हिशेबाने आयडल (किमान जोर, ० अंश) १२६० ला, सीएल (२५ अंश) २८३५ ला आणि फ्लेक्स (थोड्या कमी जोराच्या टेक-ऑफची खाच, ३५ अंश) ३४६५ ला यायला हवे. विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत नुसती पट्टी हलताना दिसते, म्हणून कच्चे रीडिंग दाखवणाऱ्या टेस्टरवर प्रत्येक खाचेत लिव्हर दहा दहा मिनिटे ठेवून नोंद घेतली. उजवा लिव्हर सीएलमध्ये २८३३ ते २८३७ च्या बाहेर गेला नाही. डावा त्याच खाचेत, हात न लावता, २६१० पासून २९६० पर्यंत फिरला. म्हणजे साडेतीन अंश खाली आणि दोन अंश वर. आयडलला तो अधूनमधून १६०० वर उडी मारतो, म्हणजे पाच अंशांहून जास्त. टोगा आणि फ्लेक्सला मात्र तो उजव्याइतकाच स्थिर आहे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

उड्डाणात याचे काय होते? चढताना डावा आकडा सीएलच्या पट्ट्याबाहेर गेला की एफएमएवर पिवळसर अक्षरांत ‘एलव्हीआर असिम’ (दोन लिव्हर असमान) येते, दोन सेकंदांत जाते, पुन्हा येते. आकडा खाली घसरला की डाव्या इंजिनाचा थ्रस्ट तिथेच अडतो, कारण ऑटोथ्रस्टला लिव्हरच्या जागेपेक्षा वर जाता येत नाही. मग डावा एन-१ (इंजिनाच्या पंख्याचा वेग) उजव्यापेक्षा खाली राहतो आणि नाक डावीकडे ओढते. हे त्रासदायक, पण निभावता येते. उतरताना निभावत नाही. २० फुटांवर ‘रिटार्ड’ आला, दोन्ही लिव्हर आयडलला ओढले, चाके टेकली, आणि डाव्याने १६०० ची उडी मारली, की सिम्युलेटरच्या दृष्टीने एक लिव्हर आयडलला नाहीच. मग ग्राउंड स्पॉयलर (पंखांची उचल मोडणाऱ्या फळ्या) उघडत नाहीत. ए-३२० मध्ये ऑटोब्रेक स्पॉयलर उघडण्याच्या आज्ञेवर सुरू होतो, त्यामुळे तोही लागत नाही. गोव्यातील मोपाच्या धावपट्टीवर विमान तरंगल्यासारखे पुढे जात राहते आणि शेवटी पायानेच ब्रेक दाबावे लागतात.

तुमच्या पहिल्या उत्तरात याला ‘विमानाच्या सॉफ्टवेअरमधला बग’ म्हटले आहे. तो बग नाही, खरे विमान असेच वागते. १७ जुलै २००७ ला साओ पावलोच्या काँगोन्यास विमानतळावर टॅम या ब्राझिलियन कंपनीचे ए-३२० उतरले तेव्हा फ्लाइट डेटा रेकॉर्डरनुसार क्रमांक दोनच्या (उजव्या) इंजिनाचा लिव्हर सीएलमध्येच होता. स्पॉयलर उघडले नाहीत, ऑटोब्रेक लागला नाही, १९९ माणसे गेली. टेबलावरच्या खेळाची त्याच्याशी बरोबरी करायची नाही. सांगायचे एवढेच, की विमानाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तर्क बरोबर उतरवला आहे. चुकीची माहिती तुमचा लिव्हर पाठवतो.

तरीही तुम्ही सांगितले म्हणून सिम्युलेटर काढून पुन्हा टाकला. दीडशे जीबी डाउनलोड आणि एक रात्र. आकडे सिम्युलेटर बंद असतानाही नाचत होते हे त्याआधीच कळवले होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

एकाच कामाला दोन अक्ष (लिव्हर किंवा स्लायडरकडून येणारे संकेत) जोडले गेले असतील, ही तुमची शंका मात्र रास्त होती आणि ती मी आधीच तपासली होती. सिम्युलेटर जॉयस्टिकच्या स्लायडरला परस्पर थ्रॉटल नेमून टाकतो आणि मग दोघांची ओढाताण होते. जॉयस्टिकवरच्या थ्रॉटलच्या सगळ्या नेमणुका काढल्या, जॉयस्टिकची वायरही काढली. फरक शून्य. शिवाय तो घोटाळा असता तर कच्च्या रीडिंगमध्ये दिसलाच नसता.

यूएसबीचेही तेच. हब काढून थेट मदरबोर्डच्या पोर्टला जोडले, वीज वाचवण्यासाठी पोर्ट झोपवण्याची विंडोजची सोय बंद केली, दुसऱ्या लॅपटॉपवर लावून पाहिले. बोर्डावर ५.०२ व्होल्ट मिळतात. आणि दाब कमी असता तरी काय झाले असते? सेन्सर आणि त्याचे रीडिंग घेणारी चिप एकाच ५ व्होल्टवर चालतात, त्यामुळे दाब पडला तर दोघांचाही पडतो आणि गुणोत्तर तेच राहते. त्यातूनही गडबड झालीच असती तर दोन्ही लिव्हरांची झाली असती, फक्त डाव्याची नाही.

‘डेडझोन (ज्यातली हालचाल मोजायची नाही तो पट्टा) १० टक्के ठेवा’ हा सल्ला तर मुळातच चुकीचा. टोकांचा डेडझोन फक्त टोगा आणि पूर्ण रिव्हर्सला लागू पडतो. रिव्हर्स त्याच अक्षावर असल्याने आयडलदेखील टोकाला नाही, मधेच आहे. सीएलच्या दोन्ही बाजूंना १० टक्के सोडले तर ४१० आकडे, म्हणजे साडेसहा अंश. मग साडेअठरा ते साडेएकतीस अंशांपर्यंत सगळे सीएलच समजले जाईल आणि ऑटोथ्रस्ट बंद करून हाताने थ्रस्ट देताना वरचा मोठा भाग मेलेला राहील.

आता सीलची गोष्ट. २४ सप्टेंबरच्या ई-मेलमध्ये तुमच्याच तंत्रज्ञाने लिहिले: ‘तळाचे चार स्क्रू काढून डाव्या सेन्सरचा कनेक्टर घट्ट बसला आहे का पाहा, गरज पडल्यास कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.’ सील चौथ्या स्क्रूवरच चिकटवलेले आहे. ते न फाडता तळ उघडून दाखवा, मी तक्रार मागे घेतो.

उघडल्यावर कनेक्टर घट्ट होता. दोन्ही सेन्सरांचे तीन पिनांचे प्लग बोर्डावर अदलाबदल करून लावले, तेव्हा नाचणे उजव्या अक्षावर गेले आणि डावा अक्ष शांत झाला. म्हणजे बोर्ड आणि फर्मवेअर निर्दोष, दोष सेन्सरमध्ये. मग यूएसबी काढून, प्लग सोडवून मल्टिमीटर लावला. सेन्सरच्या मधल्या आणि कडेच्या पिनमधला रोध लिव्हर सरकवताना सलग बदलायला हवा. उजव्याचा तसा बदलतो. डाव्याचा सीएलच्या खाचेत असा: ५.७१ किलोओहम, ५.७३, एकदम ६.४०, मग क्षणभर ‘ओएल’, म्हणजे जोड तुटलेला, आणि परत ५.७२. आयडललाही तसेच. बाकी सगळीकडे सुरळीत.

या खुणा झिजलेल्या कार्बन पट्टीच्या आहेत. पट्टीवरून फिरणारा धातूचा काटा जिथे सर्वाधिक वेळ उभा राहतो आणि थरथरतो तिथे कार्बन आधी घासला जातो. ए-३२० चा लिव्हर सर्वाधिक वेळ असतो कुठे? सीएलमध्ये आणि आयडलला. टोगा–फ्लेक्सला जेमतेम दीड मिनिट. म्हणूनच तिथे रीडिंग स्वच्छ आहे. क्लीनर मारला, पंधरा मिनिटे सुकू दिला, चार दिवस बरे चालले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. घाण असती तर क्लीनरने गेली असती. झिजलेला कार्बन स्प्रेने परत उगवत नाही.

पण खरा मुद्दा याहून पुढचा आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘दोन्ही लिव्हरना संपर्करहित हॉल सेन्सर’ असे छापले आहे. हॉल सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि चिप यांच्यात मोकळी जागा असते, काही घासतच नाही. प्रत्यक्षात आत निघाले दोन साधे १० किलोओहमचे कार्बन पोटेन्शिओमीटर (घासत फिरणाऱ्या काट्याचे सेन्सर), ‘बी१०के’ असा शिक्का असलेले. हे तुमच्या तंत्रज्ञाला माहीत होते असे दिसते. हॉल सेन्सरवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारायला कोणी सांगत नाही.

त्यामुळे नुसता डावा पोटेन्शिओमीटर बदलून मिळालेला मला चालणार नाही. तो आणखी सहा महिन्यांनी याच दोन जागी झिजेल, आणि तोवर वॉरंटी संपलेली असेल. खोक्यावर लिहिल्याप्रमाणे दोन्ही बाजूंना हॉल सेन्सर असलेला क्वाड्रंट बदलून द्यावा, नेण्या-आणण्याचा कुरिअर खर्च तुमचा. पाठवण्यापूर्वी आयडल, सीएल, फ्लेक्स आणि टोगा या चारही खाचांत अर्धा अर्धा तास लिव्हर उभा ठेवून घेतलेली कच्च्या रीडिंगची नोंद सोबत द्यावी. दहा आकड्यांपेक्षा जास्त फरक मी मान्य करणार नाही. असा माल तुमच्याकडे नसेल तर २१,५०० रुपये परत करावेत. दोन्हीपैकी काहीही केले तरी ३ नोव्हेंबरचा वॉरंटी नाकारणारा निर्णय लेखी मागे घ्यावा.

यासाठी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस देत आहे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ती तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्क नाही, हे तुमच्या कायदा विभागाला सांगायला नकोच. तिथे मुद्दा फक्त बिघडलेल्या मालाचा नसेल, खोक्यावरच्या मजकुराचाही असेल.

सोबत: पावतीची प्रत, खोक्याच्या त्या बाजूचा फोटो, उघडलेल्या तळाचे आणि पोटेन्शिओमीटरवरील शिक्क्याचे फोटो, दोन्ही लिव्हरांच्या रीडिंगची नोंद, प्लग अदलाबदलीचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर, आणि २४ सप्टेंबरच्या ई-मेलची छापील प्रत. तिच्यातील ‘चार स्क्रू काढून’ हे शब्द अधोरेखित केले आहेत.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)