हातातलं काम घ्यावं की सोडावं?

पुणे

प्रिय मंजू,

शाळा सोडून भाषांतरात उतरलीस आणि लगेच दोन कामं चालून आली, वाचून बरं वाटलं. एक औषधचाचणीचं संमतीपत्रक, दुसरं खरेदीच्या अ‍ॅपवरचं मशीनने केलेलं भाषांतर सुधारायचं. दुसऱ्याचा दर कमी, पण काम रोजचं, म्हणून तू अडलीस. माझं मत विचारशील तर संमतीपत्रक डोळे झाकून घे. (फाइल मात्र डोळे उघडून बघ.)

खरंच, फाइल पाहिल्याशिवाय हो म्हणायचंच नाही, समोरची 'अर्जंट आहे मॅडम' करत कितीही मागे लागली तरी. वर्डची फाइल म्हणून सांगतात आणि निघतं स्कॅन केलेलं पीडीएफ. तक्ते चित्रात, शिक्क्याखालचा मजकूर पुसट, आणि मोजलेल्या शब्दांत यातलं काहीच धरलेलं नसतं. शब्द मूळ इंग्रजीचे मोजायला सांग. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे मराठीत शब्द कमी भरतात. झालेल्या मराठीवर पैसे घेतलेस तर कष्ट तेवढेच आणि बिल आखूड.

दराच्याही आधी मी बघते, हे वाचणार कोण. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीत भाग घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते, आणि त्याला वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हजर लागतो. म्हणजे तुझं मराठी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार, आणि ऐकणारी बाई त्यावर अंगठा द्यायचा की नाही ते ठरवणार. तिथे सरकारी परिपत्रकाची भाषा कामाची नाही. बरं, एवढ्यावर सुटका नाही. तुझा मजकूर दुसरा भाषांतरकार परत इंग्रजीत नेतो, दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून फरक काढतात आणि शंकांचा तक्ता तुझ्याकडे येतो. 'इथे मूळात "कदाचित" होतं, तुमच्याकडे ते दिसत नाही' अशा एकेका शंकेला लेखी उत्तर द्यायचं. त्यात अख्खी संध्याकाळ जाते. तो वेळ दरात धरलाय का, ते आधीच विचारून घे. तू इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलंस, हे काम तुझ्याच हातचं आहे.

मला कुणी शेअर बाजाराचे अहवाल दिले तर मी सरळ दुसऱ्याचं नाव सुचवते. मोडीचंही तेच. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तशी मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, मलाही विचारणा झाली. पण माझी मोडी अडखळत चालते, आणि ज्या कागदावर कुणाचा जातीचा दाखला ठरणार तो अडखळत वाचणं मला पटत नाही.

मशीनचं काम वाईटच असतं असं नाही. पण दर निम्म्यावर आणतात तो निम्मं काम झालंय असं धरून, आणि ते झालेलं असतंच असं नाही. आधी नमुना मागव, घड्याळ लावून तासभर बस, आणि किती वाक्यं हात न लावता ठेवता आली ते बघ. एकाच गिऱ्हाइकाला एका ओळीत 'तू' आणि पुढच्या ओळीत 'आपण' म्हटलेलं सापडलं, तर नव्याने लिहिणंच लवकर होईल. मग पूर्ण दर माग, नाहीतर सोड.

पैशांचं थोडक्यात सांगते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नाव लावणं, फुकट होते, ती करून टाक. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याने देशातल्या खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याजासकट. नुसतं बिलावर नोंदणी क्रमांक दिसला की काही अकाउंट्सवाल्यांची चाल सुधारते. परदेशी एजन्सीला हा कायदा लागू नाही, तिथे आधी काम केलेल्या चारजणांना विचारणं हाच उपाय. परचेस ऑर्डर, म्हणजे काम दिल्याचा त्यांचा लेखी कागद, हातात आल्याशिवाय पहिली ओळही लिहू नकोस. काम देण्याआधी भाषांतराचा फुकट नमुना मागतात, तो अर्ध्या-पाऊण पानाचा ठीक. दहा पानं मागितली तर ते त्यांचं खरंच काम असतं, तुकडे करून चारजणींत वाटलेलं.

संमतीपत्रक घेतलंस तर कळव, माझी वैद्यकीय शब्दांची यादी पाठवते. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
शैला

ता. क. दर तूच आधी सांगू नकोस, त्यांना बोलू दे.