डागी सफरचंदांच्या रसाबद्दल अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येता, तेव्हा कळमना बाजारात काश्मीर-हिमाचलच्या सफरचंदांच्या पेट्या उतरत असतात. त्यांतला डागी माल पडत्या भावात विकला जातो. घराजवळच्या एका ज्यूसच्या दुकानात मी असे फळ चिरताना पाहिले. दुकानदाराने मऊ पडलेला तपकिरी भाग सुरीने काढला, कडेचा निळसर ठिपका नखाने खरवडला आणि उरलेले सफरचंद मिक्सरमध्ये टाकले. त्याच्या मनात खोट होती असे मी म्हणणार नाही. घरोघरी आपणही हेच करतो.

परंतु सफरचंदावरची पेनिसिलियम एक्स्पान्सम ही निळी बुरशी पॅट्युलिन नावाचे विष तयार करते आणि ते सडक्या भागापुरते न राहता शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरते. रस तापवला तरी ते पुरते नष्ट होत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने जठराला व आतड्यांना इजा झालेली दिसली आहे. माणसांत त्याने कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि तशी भीती पसरवण्याचा माझा हेतूही नाही. माझी काळजी लहान मुलांची आहे, कारण ताप उतरलेल्या लेकराला आपण विश्वासाने सफरचंदाचाच रस पाजतो.

आपल्याकडे या रसासाठी किलोमागे ५० मायक्रोग्रॅम पॅट्युलिनची मर्यादा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने १९९५ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.४ मायक्रोग्रॅम इतके प्रमाण सोसण्याजोगे ठरवले. म्हणजे १५ किलोच्या मुलासाठी ते ६ मायक्रोग्रॅम होते. रसात पॅट्युलिन नेमके मर्यादेइतके असले, तरी २०० मिलीच्या एका पेल्यातून सुमारे १० मायक्रोग्रॅम पोटात जाते. रोज रस पिणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा फरक किरकोळ नाही. युरोपीय महासंघाने बाळांच्या आहारासाठी किलोमागे १० मायक्रोग्रॅमची वेगळी मर्यादा ठेवली आहे, ती याचमुळे रास्त वाटते.

तेव्हा माझी विनंती आहे की, बंद बाटल्यांबरोबरच ज्यूसच्या दुकानांतील ताज्या रसाचे नमुनेही पॅट्युलिनसाठी तपासले जावेत, त्यांचे निष्कर्ष मराठीत जाहीर व्हावेत, आणि बुरशी लागलेला माल बाजार समितीच्या आवारातच नष्ट करण्याची सक्ती व्हावी. सफरचंदाचा हंगाम सुरू असतानाच पहिले नमुने घेतले जावेत.

आपला,
नागपूरचा एक नागरिक