टेस्ट करा की, पण आधी विचारा तरी

संपादकसाहेब, नमस्कार,

आषाढी एकादशीला आईचा निर्जळी उपवास, पण शुगरची गोळी सकाळी नेमानं घेतलेली. दुपारी घामानं डबडबली, जीभ जड झाली, काय बोलतेय तेच कळेना, म्हणून आम्ही घाबरून खानापूरहून गाडी काढली आणि बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात कॅज्युअल्टीला नेलं. डॉक्टर पोरगेलासा, त्याला मराठी येईना, आमचं कन्नड बाजारापुरतं. त्यानं लांबूनच बघितलं, स्ट्रोक म्हणाला आणि डोक्याचा सीटी, ईसीजी, रक्ताच्या सात-आठ टेस्ट लिहिलेला कागद माझ्या हातात! मी बिलाच्या रांगेत.

सीटी नॉर्मल आला. तोवर ड्युटी बदलून आलेल्या सिस्टरनं मराठीत विचारलं, आज्जींनी सकाळपासून काय खाल्लंय, गोळी कुठली घेतात? मी ग्लिमेपिराइडचं पाकीट दाखवलं. बोटाला टोचून बघितलं तर शुगर ४१, म्हणजे फारच उतरलेली. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि पंधरा मिनिटांत आई विचारते, माझ्या चपला कुठं ठेवल्यास? (ह्या गोळीनं शुगर परत उतरू शकते म्हणून रात्रभर ठेवून घेतलं, ते मात्र बरोबर केलं.)

टेस्ट नकोत असं माझं म्हणणं नाही. छातीत कळ आली तर १० मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे, खरा स्ट्रोक असेल तर सीटीशिवाय गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येत नाही. पण त्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत, आणि पेशंट शेवटचा ठीक कधी होता हे कुठलं मशीन सांगणार, ते घरच्यांनाच विचारायला लागतंय ना! ब्रिटनमध्ये १९७५ साली ८० पेशंट तपासले होते, त्यातल्या ६६ जणांचं निदान नुसती पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि हकीकत ऐकूनच बरोबर निघालं. ते ओपीडीचे होते, मान्य, तरी पण.

आमच्या सीमाभागात अर्धी हकीकत भाषेतच सांडते, आणि यात मला राजकारण आणायचं नाहीये. कॅज्युअल्टीच्या दारात दोन्ही भाषा येणारं एक माणूस बसवा, काय झालं, कधी झालं, गोळ्या कुठल्या, शेवटचं कधी खाल्लं, एवढं विचारायला दोन मिनिटं पुरतात. आम्ही पण सुधारलोय, आईच्या गोळ्यांची पाकिटं आता पिशवीत घालून दारामागच्या खिळ्याला अडकवलीत.

एक वाचक, खानापूर