पहिला माल बंदरातून सुटेपर्यंत साथ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हा उद्योग केंद्र आणि बेंगळुरूचे विश्वेश्वरय्या व्यापार प्रोत्साहन केंद्र यांच्या मदतीने आपल्या बेळगाव भागात निर्यात मार्गदर्शनाची शिबिरे भरतात, ही चांगली गोष्ट आहे. पण शिबिराचे यश किती जणांना आयईसी काढून दिला यावर मोजले जाते आणि आमचा आक्षेप तिथेच आहे. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा पॅनवर आधारलेला दहा अंकाक्षरी क्रमांक. फी ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन. हे काम कुणीही घरबसल्या करू शकतो. खरी अडचण त्यापुढच्या चार-पाच टप्प्यांत येते आणि नेमका तिथे नवा निर्यातदार एकटा पडतो.

पहिली अडचण बँकेची. चिकोडी, निपाणी, खानापूरकडच्या कितीतरी लहान उद्योगांचे सगळे व्यवहार गावातल्या सहकारी बँकेत किंवा सोसायटीत चालतात. परकी चलन घ्यायला मात्र रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेली बँक लागते, आणि अशा बँकेच्याही प्रत्येक शाखेत ते काम होत नाही. शाखा कागद परकी चलन विभागाकडे पाठवते. तिथून १४ अंकी एडी कोडचे, म्हणजे त्या अधिकृत बँकेच्या ओळख क्रमांकाचे, पत्र घ्यायचे आणि ज्या बंदरातून माल जाणार त्या बंदरासाठी ते कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवायचे. न्हावा शेवासाठी नोंदवले आणि ऐनवेळी माल मुरगावहून पाठवायचे ठरले, तर नोंदणी पुन्हा करावी लागते. ती नसेल तर शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचे निर्यातीचे घोषणापत्र, निघत नाही, आणि भरलेला कंटेनर यार्डात भाडे खात उभा राहतो. नवे खाते उघडले की ते आयईसीतही दाखल करावे लागते. पॅन, जीएसटी, बँक आणि आयईसी या चारही ठिकाणी फर्मचे नाव अक्षरशः एकच हवे. पत्त्याकडेही लक्ष ठेवा. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये बेळगाव शहराचे सरकारी नाव बदलून बेळगावी झाले, पण जुन्या कागदांवर जुनेच स्पेलिंग आहे. छाननी करणाऱ्याला ते दोन वेगळे पत्ते वाटले की शंकापत्र येते.

जीएसटीचेही असेच. कर न भरता निर्यात करायची तर आरएफडी-११ हे हमीपत्र, म्हणजे एलयूटी, दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावे लागते. कर भरून परतावा मागायचा असेल तर जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या ६ए तक्त्यातला इनव्हॉइस क्रमांक आणि शिपिंग बिलावरचा क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. एका ठिकाणी मधली तिरकी रेघ राहिली तरी ‘एसबी ००५’ ही त्रुटी पडते आणि पैसे अडकतात. ‘एसबी ००२’ दिसली तर दोष आपला नसतो. जहाज कंपनीने किंवा विमान कंपनीने मालाची अंतिम यादी दाखल केलेली नसते, म्हणून सीएचएमार्फत, म्हणजे कस्टम्सचे काम करून देणाऱ्या एजंटामार्फत, त्यांच्या मागे लागावे लागते. एवढी माहिती अर्ध्या पानात मावते. तरी ती ठाऊक नाही म्हणून पहिल्याच ऑर्डरनंतर निर्यातीचा नाद सोडून देणारे लोक आहेत.

अथणी, मदभावी, निपाणीच्या चपलांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या मालाला बाहेर मागणी आहे आणि तो घरोघरी बनतो. कोल्हापुरी चपलेचे २०१९ चे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचे मिळून आहे. कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांत बेळगाव येतो. तरी प्रत्येक कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंदणी करावीच लागते, आणि भारतातले मानांकन परदेशात आपोआप संरक्षण देत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्यावर जी चर्चा झाली, तिच्या मुळाशी हीच गोष्ट होती. या चपलेचा जागतिक शुल्कवर्गीकरणातला सहा अंकी क्रमांक ६४०३२० आहे. चामड्याचा तळ, पायावरून आणि अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे, असेच त्याचे वर्णन आहे. वेगळा क्रमांक टाकला तर तिकडच्या कस्टम्समध्ये शुल्क बदलते आणि ग्राहक ते बिलातून कापून घेतो.

युरोपात चामड्याच्या वस्तूत क्रोमियम-६ या अपायकारक रसायनाचे प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत लागते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याला याची भीती नाही. गडबड होते ती चपलेवरच्या वेणीला किंवा पट्ट्याला बाजारातले तयार रंगीत क्रोम चामडे वापरले की. म्हणून तळ, बाजूचे कान, पट्टा आणि अस्तर यांचे तुकडे वेगवेगळे तपासून घ्यावेत. तपासणी चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत होते, पण एकेकट्या कारागिराला तिचा खर्च परवडत नाही. दहा-बारा घरे एकाच लॉटचे कातडे घेत असतील तर एका अहवालात सगळ्यांचे काम होऊ शकते. ती जुळवाजुळव सरकारी यंत्रणेने करायला हवी. बुरशीचाही त्रास आहे. पावसाळ्यात म्हशीच्या कातड्याचा जाड तळ वरून कोरडा दिसतो आणि आत ओलसर असतो. बंद खोक्यात महिनाभर राहिला की पांढरी बुरशी धरते. त्यावर बुरशीनाशक पुड्या टाकायचा मोह होतो, पण त्यात डायमिथाइल फ्युमरेट असेल तर युरोपात माल सरळ अडतो. तिथली मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम आहे. साधी सिलिका जेल वापरावी आणि तळ पूर्ण वाळल्याशिवाय पॅकिंग करू नये.

पाच-दहा जोडांची ऑर्डर असेल तर कंटेनरचा विचारच नको. २०२२ च्या डिसेंबरपासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू झाली आहेत. टपाल खात्याच्या पोर्टलवर पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट, म्हणजे टपालाने जाणाऱ्या मालाचे घोषणापत्र, भरून पार्सल पोस्टात द्यायचे. नमुना फुकट पाठवत असलात तरी किंमत शून्य लिहू नका. कस्टम्सला वाजवी किंमत लागते.

उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्रीवाल्यांना कागदपत्रांची सवय आहे. त्यांचा माल अडतो तो लाकडी खोक्यावरून. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे तापवलेले हवे आणि खोक्यावर तसा शिक्का हवा. शिक्का नसेल तर बंदरातून खोके परत येते, नाहीतर तिथेच जाळले जाते, आणि दोन्हीचा खर्च आपल्याच माथी. गूळ आणि हळदीचे थोडक्यात सांगतो. गुळाला अपेडा या कृषिमाल निर्यात संस्थेची आणि हळदीला मसाला मंडळाची नोंदणी लागते. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस, म्हणजे सल्फाइट मागे ठेवणारे रसायन, टाकणाऱ्यांनी निर्यातीचा विचार सोडावा. युरोपात किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फाइट असेल तर ते लेबलवर छापणे बंधनकारक आहे, आणि ते वाचून ग्राहक दुसरा गूळ घेतो.

आता सीमाभागाच्या खास प्रश्नाकडे वळतो. इथला बराच माल कोल्हापूर, सांगली, मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत बाहेर जातो. त्यात वावगे काही नाही. उलट, व्यापारी निर्यातदाराला अवघ्या ०.१ टक्का जीएसटीने माल देता येतो; मुख्य अट अशी की आपल्या बिलापासून ९० दिवसांत माल देशाबाहेर गेला पाहिजे. पण २०२० च्या फेब्रुवारीपासून शिपिंग बिलात मालाचे मूळ राज्य आणि मूळ जिल्हा लिहावा लागतो. व्यापारी तिथे सवयीने स्वतःचा जिल्हा टाकतो. मग अथणीची चप्पल कोल्हापूरच्या खात्यावर आणि रायबागची हळद सांगलीच्या खात्यावर जमा होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा निर्यात प्रोत्साहन समिती आराखडा आखताना हेच आकडे पाहते. आकड्यात आपण नसलो तर प्रयोगशाळा, पॅकिंग केंद्र, प्रदर्शनाचे अनुदान यांत आपली पाळी येणार कशी? उत्पादकांनी आपल्या बिलावर ‘मूळ जिल्हा बेळगावी, राज्य कर्नाटक’ ही ओळ छापून घ्यावी आणि शिपिंग बिलाची प्रत मागून तो रकाना तपासावा. व्यापाऱ्याला यात एक पैसाही जास्त पडत नाही.

केंद्र सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये २५,०६० कोटी रुपयांचे निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर केले आहे. त्यात कर्जसाहाय्याबरोबर चाचणी, पॅकिंग आणि प्रदर्शनासाठीही तरतूद आहे. ती इथपर्यंत पोहोचायची तर जिल्हा उद्योग केंद्राने प्रत्येक नव्या आयईसीधारकामागे एक अधिकारी नेमावा. पहिला माल सुटून त्याचे पैसे बँकेत जमा होईपर्यंत त्या अधिकाऱ्याने पाठपुरावा करावा, आणि वर्षाच्या अहवालात तोच आकडा द्यावा. माहितीपत्रके कन्नडबरोबर मराठीतही काढावीत. सध्या पोर्टल इंग्रजीत आणि शिबिर कन्नडमध्ये, त्यामुळे गावातली बाई, जी खरी वेणी विणते, ती दोन्हींच्या बाहेर राहते.

वेळेचेही भान ठेवावे. एलयूटी ३१ मार्चला संपते. आयईसीत काही बदल नसला तरी तो एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो, नाहीतर निष्क्रिय होतो. जूनमध्ये पाऊस लागला की चपलांचे वाळवण रेंगाळते. म्हणून वर्षाचे पहिले शिबिर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अथणीत घ्यावे, आणि बँकेच्या परकी चलन विभागाचा अधिकारी, डाकघर निर्यात केंद्राचा कर्मचारी आणि एक अनुभवी सीएचए या तिघांना दिवसभर तिथे बसवावे.

आपले,
निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करणारे दोन वाचक, बेळगाव