दार-एस-सलामच्या ताईंना, बाबांच्या वतीनेही

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव कुठेही येऊ द्यायचं नाही, ही तुमची एकच अट. ती पाळते. पण पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिणार, कारण ज्यांनी ते वाचायला हवं ते माझं खासगी पत्र कशाला उघडतील?

बाबांना जायचं होतं टांझानियातल्या रुआहा राष्ट्रीय उद्यानात. त्याचं नाव काढलं की इकडचे टूरवाले आधी गप्प व्हायचे आणि मग केनियातल्या मसाई माराचं माहितीपत्रक पुढे सरकवायचे. 'मॅडम, बिग फाइव्ह गॅरंटी!' बिग फाइव्ह म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा; रुआहात गेंडा नाहीच, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. एकाने बाबांचं वय विचारलं आणि शहात्तर ऐकल्यावर 'काकांना झांझिबारला बीचवर निवांत बसवा' असा सल्ला दिला. दुसऱ्याने कोटेशन धाडलं, त्यात रुआहाच्या जागी गुपचूप सेरेंगेटी. बोलायला सगळे कसे गोड! पण या म्हाताऱ्या माणसाला नेमकं तिथंच का जायचंय, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही.

तुम्ही पहिल्याच फोनवर तेच विचारलंत, आणि बाबांना अर्धा तास बोलू दिलंत. पाटबंधारे खात्यातला माणूस, निम्मी नोकरी दहिवडी-आटपाडीकडे, माण नदीची वाळू बघत गेलेली. ग्रेट रुआहा एके काळी बारमाही होती, १९९३ पासून कोरड्या महिन्यांत तिची धार तुटू लागली, हे त्यांनी कुठंतरी वाचलं आणि तेव्हापासून ती नदी डोक्यात बसली. वर उसांगूच्या मैदानात भातशेतीला पाणी उचलायचं, पाणथळ आटायची, आणि खाली उद्यानातल्या पाणघोड्यांनी चिखलात एकमेकांना रेटत बसायचं. त्याच्याही खाली म्तेरा आणि किडाटूची धरणं पाण्याची वाट बघतात. वरचे आणि खालचे हे भांडण बाबांनी जन्मभर सोडवलंय, म्हणजे सोडवायचा प्रयत्न केलाय. २००८ मध्ये उसांगूचा भाग उद्यानात घेतला आणि क्षेत्र वीस हजार चौरस किलोमीटरांवर गेलं, हे सांगताना ते अजूनही खुलतात. (आपलं ताडोबा बफर धरून सतराशेच्या आसपास.)

परवाने, विमानं, पैसे हे सगळं तुम्ही कसं जुळवलंत ते लिहीत बसत नाही. मला त्या दुसऱ्या फोनबद्दल लिहायचंय. 'काकांकडे द्या, आणि तुम्ही जरा बाहेर जा,' म्हणालात. काय बोललात ते बाबांनी मला परत आल्यावर सांगितलं.

तुम्ही विचारलंत, 'काका, रात्री किती वेळा उठावं लागतं?'

तिथल्या तळांना कुंपण नसतं. अंधार पडला की पाणघोडे चरायला काठावर येतात, हत्ती तंबूंमधून वाट काढतात. अस्करी, म्हणजे तिथला पहारेकरी, सोबत असल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. बाबांनी हे वाचलं होतं आणि मनाशी ठरवूनही टाकलं होतं की दुपारनंतर पाणी बंद. ऑक्टोबरच्या त्या उन्हात! घरात कुणाला पत्ता नाही. आणि तुम्ही त्यांना सांगितलंत, 'माझे वडील एसटीत बसायचं असलं की आदल्या रात्रीपासून घोट घेत नसत. तुम्ही तसलं काही करायचं नाही.' मग तंबूला आतच संडास असलेला तळ शोधलात, जेवणाच्या जागेला सगळ्यात जवळचा तंबू मागून घेतलात. ड्रायव्हरलाही आधीच सांगून ठेवलंत. गाडीत चारचौघांत बोलायची लाज वाटली तर बाबांनी नुसतं 'बर्ड' म्हणायचं. तो मोकळी जागा बघणार, गाडीमागची झुडपं तपासणार आणि थांबणार.

ताई, आम्हाला वाटलं बाबांना अचानक पक्ष्यांचा नाद लागलाय. आई तर दुर्बीण घेऊन शोधायची.

शहात्तराव्या वर्षी माणसाची अब्रू असल्याच बारीकसारीक गोष्टींत अडकलेली असते. आम्ही पोटची मुलं, आम्हाला ती दिसली नाही. समुद्रापलीकडे बसलेल्या तुम्हाला दिसली, आणि ती आमच्यापासूनही झाकून ठेवावी इतकी समज तुमच्याकडे होती. असं वागायला ना पदवी लागते ना पैसा, तरी ते इतकं दुर्मीळ का, याचा मला आता राग येतो.

बाकी तुमच्या सूचना शंभर टक्के खऱ्या. आईचा निळा ड्रेस तुम्ही बॅगेतून काढायला लावलात. तिथं झाडाला, निळ्या रंगाकडे धावणाऱ्या चावऱ्या त्सेत्से माश्यांसाठी, निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले दिसल्यावर ती म्हणाली, 'बाई देवमाणूस आहे.' कोरड्या पात्रात हत्तीण सोंडेने आणि पायाने झिरा खणत होती आणि मागे झेब्रे रांगेत उभे. बाबा कितीतरी वेळ ते बघत होते. सिंह पलीकडेच झोपला होता, त्याच्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. 'पाणी किती खोल गेलंय बघ,' एवढंच म्हणाले, आणि बाटलीतलं पाणी गटागट प्यायले.

एक विनंती आहे. उसांगूचं पाणी कसं वाटावं यावर बाबांनी बारा पानं लिहिली आहेत, आकृत्यांसकट, आणि ती तुम्हाला पाठवायचा हट्ट आहे. वाचली नाहीत तरी चालेल, पण मिळाली एवढं त्यांना कळवा. नाहीतर रोज सकाळी मला विचारतील.

तुमची,
सांगलीची लेक