हात वर करायची सक्ती नको, चेष्टाही नको

संपादक महोदय,

चर्चच्या उपासनेत हात वर करायचे की नाही, टाळ्या वाजवायच्या की नाही यावरून मंडळीत जी धुसफूस चालते ती बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. काही जण म्हणतात हा नुसता देखावा आहे, नवीन फॅड आहे, देव मन बघतो. आणि दुसरे म्हणतात जो हाताची घडी घालून उभा राहतो त्याच्यात पवित्र आत्माच नाही. मला दोन्ही पटत नाही.

देव मन बघतो हे खरंच, पण मन काय शरीर घरी ठेवून येतं का? बायबलमधला दानीएल संदेष्टा दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, दावीद राजा देवाच्या कराराच्या कोशापुढे, म्हणजे त्या पवित्र पेटीपुढे, जीव तोडून नाचला आणि त्याची बायको मीखल हिने त्याला मनातून तुच्छ लेखलं, आणि गेथशेमाने बागेत तर खुद्द येशू जमिनीवर पालथा पडून प्रार्थना करत होता. हात वर करणं नवीन म्हणणाऱ्यांनी रोमच्या भुयारी कबरस्तानातली चित्रं बघावीत, सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती तिथे उभे राहून, दोन्ही हात पसरून प्रार्थना करताना दिसतात. प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलंय तेही हेच, पवित्र हात वर करून प्रार्थना करा. आणि गुडघे टेकणं हीच खरी भक्ती असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, ३२५ साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने रविवारी गुडघे टेकू नका, उभं राहूनच प्रार्थना करा असा नियम केला होता, कारण रविवार म्हणजे पुनरुत्थानाचा दिवस.

पण म्हणून माइकवरून हुकूम सोडायचे का? मध्ये एका उपासनेत गाणी घेणाऱ्या भावाने सांगितलं, सगळ्यांनी गुडघ्यावर या, देवापुढे कसली लाज. माझ्या शेजारी एक आजी होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. त्यांनी पुढचा बाक धरला, अर्ध्या उठल्या, परत बसल्या, इकडेतिकडे बघितलं. मग मांडीवर दोन्ही तळवे उघडे ठेवले आणि डोळे मिटले, बोटं थरथरत होती पण प्रार्थना संपेपर्यंत तळवे मिटले नाहीत. त्यांना कसली लाज होती सांगा मला!

लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, आणि जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत तो कर गोळा करणारा, दोघंही मंदिरात उभेच होते. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, जो वर बघायलाही धजत नव्हता आणि छाती बडवत होता. नुसतं उभं राहण्यावरून कोणाला काय कळणार होतं?

पाळकांना एवढीच विनंती आहे की आपण कधी उभे राहतो, कधी वाकतो, का गुडघे टेकतो हे एकदा उपदेशात नीट समजावून सांगा, तरुण मुलांना तर हे कोणी सांगितलेलंच नसतं. आणि मग ज्याला जसं जमेल तसं करू द्या, हात वर करणाऱ्याकडे वळून बघू नका आणि बसून राहणाऱ्याकडेही नको.

आपली,
एक उपासक