रजा विकत नाही, बाबा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

रिलीजची ऑर्डर हातात आली. डिसेंबरअखेर माझं नाव सैन्याच्या पटावरून कमी होणार. त्याआधीची रजाही मंजूर झाली, म्हणजे नोव्हेंबर लागला की मी सोलापुरात. आई, या दिवाळीला फराळाचा डबा कुरियरने पाठवायचा नाही.

परवा फोनवर हेच सांगितलं तेव्हा बाबांनी एकच प्रश्न केला, "रजा विकता येत नाही का?" आणि फोन आईच्या हातात दिला. आईने जेवलास का विचारलं, मग शेजारच्यांच्या बोअरचं पाणी आटल्याचं सांगितलं, आणि माझं उत्तर तसंच राहिलं. बाबा फोनवर दोन मिनिटांच्या वर कधीच थांबत नाहीत, म्हणून कागदावर लिहितो. कागद पूर्ण वाचल्याशिवाय ते खाली ठेवत नाहीत, ही रेल्वेची सवय आहे.

बाबा, आधी हिशेब. तुमच्या रेल्वेच्या एलएपीसारखीच, म्हणजे पूर्ण पगारी रजेसारखीच, आमचीही रजा आहे. अधिकाऱ्याला वर्षाला 60 दिवस वार्षिक रजा आणि 20 दिवस कॅज्युअल. न घेतलेली वार्षिक रजा सगळी साठत नाही. वर्षाची फार तर निम्मी खात्यात जाते, बाकीची 31 डिसेंबरला वाया. साठवायची मर्यादाही तुमचीच, 300 दिवस. लडाखमध्ये आणि नंतर कोविडच्या काळात रजा मिळालीच नाही, ती साठलेली आहे. तिचे पैसे मिळणार आहेत, ते कुठे जात नाहीत. त्याशिवाय ग्रॅच्युइटी, दर पूर्ण सहामाहीला अर्ध्या महिन्याच्या पगाराच्या हिशेबाने. पेन्शन नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी 20 वर्षं लागतात आणि माझ्यासारख्या शॉर्ट सर्व्हिसवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी आलेल्याला, जास्तीत जास्त 14 वर्षं मिळतात. पर्मनंट कमिशनसाठी, म्हणजे सैन्यात कायम होण्यासाठी, मी अर्ज का केला नाही, यावर आपलं बोलून झालं आहे. तो विषय पुन्हा काढायचा असेल तर समोर बसून काढू, पण फोनवर ताईला मध्ये घालून नको.

राहिली यंदाची रजा. ती मी घेणार आहे, पूर्ण. विकणार नाही.

यावर तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. तुम्ही गुड्स गार्ड म्हणून वाडी आणि दौंडच्या रनिंग रूममध्ये, गाडीवरच्या माणसांच्या मुक्कामाच्या खोल्यांत, निम्मं आयुष्य काढलंत (आता तुमच्या त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, तुम्हाला ते आवडलेलं नाही). रिटायर झालात तेव्हा खात्यात पूर्ण 300 दिवस शिल्लक होते, आणि तो आकडा तुम्ही पाहुण्यांना सांगायचात. त्या पैशांतून वरची खोली झाली, ताईच्या लग्नाचं देणं फिटलं. हे मी विसरलेलो नाही. त्याच खोलीत बसून मी एमबीबीएसचा अभ्यास केला. पण बाबा, ते 300 दिवस घरात कोणाच्या वाट्याचे होते? आई बाळंतिणीच्या खाटेवर होती तेव्हा तुम्ही कुर्डुवाडीला गाडी घेऊन उभे होतात. ती याबद्दल कधी बोलली नाही, बोलणारही नाही. मीच बोलतोय, तिला विचारू नका.

आमच्याकडे रजेची किंमत काय असते ते एकदा सांगतो. मी बटालियनचा आरएमओ, म्हणजे पलटणीचा डॉक्टर, होतो तेव्हाची गोष्ट. लेहच्या पुढे माणसाला एकदम वर पाठवत नाहीत. 9,000 फुटांच्या वर 6 दिवस थांबायचं, 12,000 च्या वर 4, 15,000 च्या वर आणखी 4. रजेवरून परतलेल्यालाही पुन्हा थांबावं लागतं. वर फुफ्फुसात पाणी भरतं, त्याला आम्ही हापो म्हणतो. सुरुवातीला नुसता खोकला असतो, आणि तो माणूस लपवतो.

एक पोरगा होता, बिहारकडचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी खाली जाणार, बहिणीचं लग्न. संध्याकाळी तो एमआय रूममध्ये, म्हणजे आमच्या दवाखान्यात, रजेची तपासणी करून घ्यायला आला. बोटाला ऑक्सिमीटर लावायच्या आधी तो दोन्ही तळवे एकमेकांवर जोरजोरात चोळत होता. थंडी होतीच, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. मग आमचा नर्सिंग असिस्टंट हळूच म्हणाला, "साहब, ये रीडिंग बढ़ाने के लिए रगड़ रहा है." बोट गरम केलं की ऑक्सिजनचा आकडा जरा बरा दिसतो, हे त्या पोरांमध्ये सगळ्यांना माहीत असतं. मी त्याला दहा मिनिटं स्वस्थ बसवलं आणि पुन्हा लावलं. 68 टक्के, फारच कमी. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर खाली दोन्हीकडे करकर. तो म्हणाला, "साहब, छुट्टी मत काटना." ऑक्सिजन लावून रात्रीच त्याला खाली उतरवला. हापोवर खाली उतरवण्यासारखं औषध नाही, म्हणजे पोरगा घराच्या दिशेनेच निघाला होता, फक्त लेहच्या हॉस्पिटलपर्यंत. लग्नाला पोचला की नाही, मला कळलं नाही. तो परत यायच्या आत माझीच बदली झाली.

अशी पोरं रोज बघितलेल्या माणसाला रजा विकवत नाही.

आता होटगी रोडच्या डॉक्टरसाहेबांचं. बाबा, तुम्ही त्यांना एक नोव्हेंबरपासून मुलगा तुमच्याकडे कामाला येतोय असा शब्द दिलात, हे मला ताईकडून कळलं. तो शब्द परत घ्या. रागावून लिहीत नाहीये, पण ते शक्यच नाही. रजेवर असलो तरी 31 डिसेंबरपर्यंत मी सैन्यातच आहे. अंगावर वर्दी नसेल, पण 1950 चा आर्मी ॲक्ट मला लागू असेल. परत बोलावलं तर बॅग भरून निघावं लागेल. परवानगीशिवाय बाहेर पगारी काम करता येत नाही. आणि यात नुसता नियम नाही. आम्हा डॉक्टरांना दर महिन्याला मूळ पगाराच्या 20 टक्के एनपीए मिळतो. तो कशाचा? खाजगी प्रॅक्टिस करत नाही म्हणून. तो भत्ता खिशात घालायचा आणि संध्याकाळी होटगी रोडला ओपीडी काढायची, हे तुमच्या मुलाला जमणार नाही. तुम्ही विनातिकीट मेहुण्याला सोलापूर स्टेशनवर दंड भरायला लावलात, आणि मामा त्यानंतर वर्षभर आपल्याकडे आले नाहीत. मी त्याच घरात वाढलोय.

तुम्ही मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ बघितलात, तिथले फौजी डॉक्टर शेवटच्या रजेवर असतानाच नवी नोकरी धरतात आणि दोन्हीकडून पगार घेतात म्हणून. ते खरं आहे. तिथे महिन्याला अडीच दिवस रजा साठते आणि शेवटी साठलेली रजा घेऊन माणूस मोकळा होतो, वरिष्ठांची परवानगी असली की त्या दिवसांत दुसरीकडे रुजूही होतो. त्यांचा कायदा त्यांचा. आपल्याकडे मला जानेवारीशिवाय कुठे सही करता येणार नाही, आणि जानेवारीतही सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाल्यावरच. किती वर्षं अक्षता सोहळा बघितला नाही. नंदीध्वज संमती कट्ट्याकडे येताना मी या वेळी फोनवर आवाज ऐकत बसणार नाही.

निघण्याआधी इथली कामं बरीच आहेत. क्लिअरन्सचा कागद घेऊन दारोदार फिरतोय: मेस, लायब्ररी, कॅन्टीन, एमईएसचं, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याचं, फर्निचर आणि लाइट बिल. एका खुर्चीचा हात तुटलेला निघाला, तो मी यायच्या आधीपासून तुटलेला होता हे सिद्ध करण्यात दोन दिवस गेले. मेसमध्ये डायनिंग आउट, म्हणजे निरोपाचं जेवण, होईल, सगळे चार चांगले शब्द बोलतील, मलाही बोलावं लागेल. त्याची मला जरा धास्ती आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिलीज मेडिकल. दुसऱ्यांची मी ढिगाने केली. घरी जायच्या घाईत प्रत्येक जण म्हणतो, "सब ठीक है, साहब." बार्शीकडचे एक हवालदार होते, तोफखान्यातले. उजव्या बाजूने काही विचारलं तर मान वळवून डावा कान पुढे करायचे, आणि कान उत्तम आहेत म्हणायचे. त्यांना खुर्चीत बसवून मराठीत सांगितलं, मामा, आज कागदावर आलं नाही तर उद्या पेन्शनच्या कचेरीत कोणी तुमचं ऐकणार नाही, आणि तुम्हालाही त्यांचं ऐकू येणार नाही. मग हसले आणि तपासणी करून घेतली. तर तोच सल्ला आता मला पाळायचाय. माझा गुडघा तुम्हाला माहीत नाही, आई. घाबरण्यासारखं काही नाही, बर्फात घसरलो होतो. मेडिकल बोर्डापुढे सगळं सांगणार आहे, म्हणून तुलाही सांगून ठेवलं.

शेवटच्या प्रवासाच्या फॉर्मवर एक रकाना असतो, नोकरी संपल्यावर कुठे राहणार. सामानासकट तिथपर्यंतचा खर्च सरकार देतं. बरोबरीचे बहुतेक जण पुणे लिहितात, काही दिल्ली. बाबांनीही पुणेच सुचवलं होतं, पोरीच्या शाळेसाठी. मी सोलापूर लिहिलं. तुमच्या सुनेला विचारून लिहिलं, तिची हरकत नाही, फक्त उन्हाळ्याबद्दल तिने तोंड वाकडं केलं. ती आणि चिमी वार्षिक परीक्षा झाल्यावर एप्रिलमध्ये येतील, म्हणजे बरोबर 43 डिग्रीत. ते तेव्हा बघू.

बाबा, तुम्ही मागे मला ऐकवलं होतंत, "आपल्या गावच्या कोटणीसांनी रजा मागितली होती का?" तेव्हा मी गप्प बसलो. शाळेतून आम्हाला भैय्या चौकात त्यांच्या घरी नेलं होतं ते मला आठवतं. 1938 ला पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, वडील वारल्याचं त्यांना तिकडे असताना कळलं, आणि 1942 च्या डिसेंबरमध्ये 32 व्या वर्षी तिकडेच गेले. त्यांच्यापुढे हात जोडतो. पण त्या घरातल्या माणसांनी ते दिवस कसे काढले असतील, हा विचार शाळेत कोणी सांगितला नव्हता. तो मला इथे बदलीवर बसून सुचला. मला तुमची खुशाली तारेने कळायला नको आहे.

आणि खुशालीवरून आठवलं. ताईने बाबांच्या गोळ्यांचा फोटो पाठवला होता. त्यात दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या आहेत, एक हिरवी, एक चंदेरी. खालचं बारीक अक्षर मोठं करून वाचलं तर दोन्हींत तेच औषध, अमलोडिपिन. एक एका डॉक्टरांनी दिली, दुसरी दुसऱ्यांनी, आणि पहिलीची चिठ्ठी दुसऱ्यांना कोणी दाखवली नसणार. त्या औषधाचा डोस वाढला की घोट्याला सूज येते. सूज आली म्हणून मग लघवी जास्त व्हायची तिसरी गोळी लागली, आणि ती लागल्यापासून बाबा रात्री तीनदा उठतात. आई म्हणते, वय झालं. वय नाही झालं, गोळ्या झाल्यात. मनाने काही बंद करू नका. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून उद्याच त्या पहिल्या डॉक्टरांकडे जा आणि टेबलावर ओता. मी त्यांच्याशी फोनवर बोललो आहे, ते वाट बघतील. बीपीचं यंत्र मी येताना आणतो, आणि मग रोज सकाळी तुमच्या शेजारी बसून वही लिहितो. या कामाला रजा लागते, बाबा. रविवारी येऊन सोमवारी परत गेलो तर होत नाही.

आई, मोतीबिंदूचंही मी आल्यावरच करायचं. त्यानंतर डोळ्यात थेंब वेळेवर घालायला घरात माणूस लागतो, आणि बाबा घड्याळ बघून घालतील पण डोळा सोडून गालावर घालतील.

दोन काळ्या ट्रंका आधी येतील, माळ्यावर जागा करून ठेवा. पाणी अजून चार-पाच दिवसांआडच येतं ना? कुठल्या वारी येतं ते कळवा, म्हणजे टाकी भरायचं काम माझ्याकडे. शेंगाचटणी आधीपासून कुटून ठेवू नकोस, आई, मी आल्यावर खलबत्ता मीच धरतो. होटगी रोडच्या साहेबांना माझा नमस्कार सांगा आणि यात्रा झाल्यावर मुलगा स्वतः येऊन भेटेल म्हणा, पगाराचं तुम्ही काही बोलू नका.

तुमचा,
बाळू